हद्दीत आलेला ग्लिकोन

पहाटेपासून पठारावरचा वारा असा सुटला होता, की मेंढ्यांनीसुद्धा एकमेकींच्या पोटाखाली तोंडं खुपसली होती. अंगणातल्या हौदावर बोटभर जाडीचा बर्फ धरला होता. अम्मियानं तो दांडक्यानं फोडला, खालचं पाणी कढईत ओतलं, चूल पेटवली आणि नणंदेला हाक मारली. कढत पाण्याशिवाय लोकर बसत नाही आणि वाऱ्याशिवाय नमदा वाळत नाही. तेव्हा थंडीच्या नावानं बोटं मोडत बसण्यापेक्षा काम उरकलेलं बरं, असं तिचं म्हणणं. चाळीस वर्षं ती हेच करत आली होती. चटईवर पिंजलेली लोकर पसरायची, कढत पाणी शिंपडायचं, चटईची घट्ट गुंडाळी करायची आणि दोघींनी गुडघे टेकून कोपरापर्यंतच्या हातांनी ती पुढं-मागं लाटायची. हात गळून पडायची वेळ आली, की लोकरीचा नमदा होतो, न विणलेलं जाड कापड. त्याच्या टोप्या करायच्या. तार्बेस्सातल्या प्रत्येक मेंढपाळाच्या डोक्यावर अम्मियाची टोपी होती. टोपीखाली काय होतं, याची जबाबदारी तिनं कधी घेतली नाही.

ओले नमदे वाळत घालायची जागा म्हणजे ग्लिकोन.

ग्लिकोन अम्मियाचा नवरा. चार वर्षांपूर्वी तो वारला, तेव्हा घरामागं, झऱ्याकडं उतरणाऱ्या तिच्याच रानात त्याला पुरलं होतं. वर दगड उभा केला होता, चांगला दाराच्या आकाराचा, दोन झडपांचा. डाव्या झडपेवर ग्लिकोनची टोपी आणि कातर कोरलेली. उजव्या झडपेवर अम्मियाची फणी आणि आरसा. नावं दोघांची. आपलं नाव तिनं जिवंतपणीच घालून घेतलं होतं. मागं राहिलेले लोक मेलेल्याचं नाव कोरायला किती आळस करतात, ते तिनं गावातल्या दगडांवरून पाहिलेलं होतं. त्या दगडाला सकाळचं ऊन लागे आणि वाराही लागे, त्यामुळं नमदे झकास वाळत. वर्षातून एकदा मेंढ्या कातरल्या की ज्याचं काम संपायचं, तो मेल्यावर का होईना बारमाही कामाला लागला, असं ती नणंदेला ऐकवी.

"माझ्या भावाला मेल्यावरबी सोडू नका तुम्ही, वैनी," तातिया म्हणे.

"मी कुठं धरून ठेवलाय, वन्सं? त्योच पडून हाय. जित्तेपनीबी तेच करत व्हता."

त्या हिवाळ्यात तार्बेस्सा शहर होणार होतं. म्हणजे घरं तीच राहणार होती, चिखल तोच, माणसंही तीच. फक्त रोमहून सम्राटाचं पत्र येणार होतं. अर्ज केला होता मेनोगेनेसनं. मेनोगेनेसचा बाप लोकर विकायचा. मेनोगेनेसही लोकरच विकायचा, पण शिवाय भाषणं द्यायचा. डोंगरापलीकडचं गाव बारा वर्षांपूर्वी शहर झालं, तेव्हापासून त्याच्या घशाखाली घास सुखानं उतरला नव्हता. अर्जात त्यानं लिहिलं होतं, की इथं पन्नास जणांची नगरसभा आहे, चौक आहे, स्नानगृह आहे, नाट्यगृह आहे, आणि हद्दीच्या आत बारमाही झरा आहे.

आता, नगरसभेसाठी जमीनवाले पन्नास लोक काही गावात भरेनात. मग त्रेचाळीस धडधाकट घेतले, चार परगावी गेलेले घेतले, आणि तिघांची नावं दोनदा घातली. बापाचं आणि मुलाचं नाव एकच असल्यामुळं ते दिसायला अगदी शोभून दिसलं. स्नानगृहातलं पाणी सणासुदीलाच तापायचं. नाट्यगृह म्हणजे देवळामागचा उतार. तिथं शेळ्या बसत, आणि त्या निदान मधेच उठून जात नसत. झरा मात्र खरा होता. अडचण एवढीच, की तो गावाच्या बाहेर होता. झरा काही उठून आत येईना, तेव्हा मेनोगेनेसनं गाव उचलून झऱ्यापर्यंत नेलं. हद्दीचे दगड त्यानं झऱ्याच्या पलीकडं रोवले, नकाशा काढला, सुभेदाराकडं धाडला. सुभेदाराला तो पसंत पडला. दहा दिवसांनी त्याचा माणूस पाहणीला येणार असं कळलं, आणि मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की घरं आणि झरा यांच्या बरोबर मधे ग्लिकोन आहे.

शहराच्या हद्दीत मेलेला माणूस चालत नाही. हा रोमचा कायदा, आणि त्याच्याही आधीचा ग्रीकांचा रिवाज. गावाचं ठीक असतं, गावात कुणी कुठंही पडावं. शहरानं मात्र आपले मेलेले लोक वेशीबाहेर, रस्त्याच्या कडेला मांडून ठेवायचे असतात. तार्बेस्सातले बाकीचे सगळे मेलेले लोक पश्चिमेच्या रस्त्याला आधीच शिस्तीत पडलेले होते. ग्लिकोननं जिवंतपणीही चारचौघांसारखं काही केलं नव्हतं.

त्याच सकाळी मेनोगेनेस दारात आला. अंगावर पांढरीशुभ्र शाल. मागं नगरसभेचा लेखनिक झोटिकोस, बगलेत मेणाच्या पाट्या. हा झोटिकोस इफेसससारख्या मोठ्या शहरात दोन वर्षं शिकला होता आणि त्या दोन वर्षांबद्दल गेली वीस वर्षं बोलत होता.

"अम्मियाबाई," मेनोगेनेस म्हणाला, "मी नगरसभेच्या वतीनं आलो आहे."

"कुनाच्या?"

"नगरसभेच्या."

"आसं व्हय. मला वाटलं आईच्या वतीनं आलास. तिची टोपी कवाची करून ठेवलीया."

"मी आता नगराध्यक्ष आहे."

"मग बस की. नगराध्यक्षाला गुडघं नसत्यात काय?"

मेनोगेनेसनं ओल्या चटईकडं पाहिलं, शालीकडं पाहिलं आणि उभ्यानंच बोलायचं ठरवलं. "ग्लिकोन यांना हलवावं लागेल. हद्दीच्या बाहेर. दहा दिवसांत."

"त्येला नोटीस दिलीस का?"

तातियाला हसू फुटलं. तिनं ते पदरात दाबलं.

"हसण्यावारी नेऊ नका. शहरात मृत व्यक्ती असू शकत नाही."

"मग तुझ्या सभेत पहिल्या ओळीला घोरत्यात ते कोन?"

झोटिकोसनं घसा खाकरला. अम्मिया उठली, हात पुसले आणि दोघांना दगडापाशी घेऊन गेली. वाळत घातलेला नमदा तिनं बाजूला सारला.

"हद्द मागं घे," ती म्हणाली. "चार दगूड हायत. माझी मेंढरं ढकलतील."

"नकाशा सुभेदाराकडं गेलेला आहे. आणि हद्द मागं घेतली, तर झरा बाहेर पडतो. ज्याला स्वतःचं पाणी नाही ते कसलं शहर?"

"म्हंजे गाव हललं, हद्द हलली. आन् ज्यो गप पडून हाय, त्येलाच हलवायचा."

"कायदा आहे."

"मग हलव की. मी नगं म्हनलेय? तेवढं खालचं वाच आदी."

दगडाच्या पायाशी बारीक अक्षरांत मजकूर होता. मेनोगेनेसला अक्षरं बारीक असली की दिसत नसत, मोठी असली की वाचायला वेळ नसे. झोटिकोस वाकला आणि सवयीनं खणखणीत वाचू लागला: "जो कोणी हा दगड हलवील, ही माती उकरील किंवा दुसऱ्याकडून उकरवील, अम्मियाखेरीज, त्याचं घर उजाड पडो, त्याची लेकरं पोरकी होवोत, त्याचं बियाणं जमिनीत कुजो, आणि डोंगरावरची आई त्याच्याकडं पुन्हा डोळे उघडून न बघो."

मेनोगेनेसचा एक हात ऐटीत दगडावर टेकलेला होता. तापल्या तव्याला लागावा तसा तो वर आला.

"हे 'दुसऱ्याकडून' कुणी घातलं?"

"मीच. मोठी मानसं सवता कवा उकरत्यात?"

"पण तुम्हाला यात सूट आहे, अम्मियाबाई," झोटिकोस म्हणाला. कलम कुठं उघडं आहे ते त्याला लगेच दिसे. "तुम्ही हलवू शकता."

"सूट हाय. मर्जी न्हाय."

त्यानंतर चार दिवस तार्बेस्सा नावाच्या होऊ घातलेल्या शहराची सगळी ताकद एका कबरीभोवती फिरत राहिली. खाणीवरचे दोन गडी आणले. त्यातल्या एकाला वाचता येत होतं, त्यामुळं दोघेही गेले. पाथरवटाला बोलावून शाप खरवडता येईल का विचारलं. तो म्हणाला, "अक्षरं मीच कोरलीत, बोटभर खोल गेलीत. खरवडायचं तर नगराध्यक्षांनी पहिला घाव घालावा, पुढचं मी बघतो." नगराध्यक्षांना त्या दिवशी खांदा दुखत होता.

अम्मिया आपली लोकर लाटत होती. वरून तिला मजा वाटत होती, आत मात्र काहीतरी टोचत होतं. ग्लिकोन तिला फार आवडायचा, असं तिनं कुणाला सांगितलं नसतं, आणि सांगितलं असतं तर कुणी मानलं नसतं. दिवसभर झऱ्याच्या काठी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची टवाळी करायची, हा त्याचा धंदा. शहराचं बोलणं पहिल्यांदा निघालं तेव्हा तो जिवंत होता. "शहर म्हंजे काय?" तो म्हणाला होता. "आपल्याच झऱ्याचं पानी प्याला ज्येची परवानगी लागती, त्ये शहर." असला माणूस. पण तापाच्या साथीत आठ दिवसांच्या अंतरानं दोन्ही पोरं गेली, तेव्हा हाच माणूस महिनाभर तिच्याशेजारी गुडघे टेकून लोकर लाटत राहिला होता. एक शब्द बोलला नाही. ज्याचं तोंड कधी बंद नसे, त्यानं एक शब्दही काढला नव्हता. त्या महिन्याचे नमदे इतके जाड झाले, की त्यांच्या टोप्या होईनात. पुढं तिनं दगड घडवायला टाकला तेव्हा पाथरवटानं विचारलं, नाव एकाचं की दोघांचं? तिला विचार करावा लागला नाही. मेल्यावर आणखी कुणाच्या शेजारी पडून राहायचं तिला बळ नव्हतं. एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते तिनं दगडावर लिहून ठेवलं होतं, कारण तोंडी मागणी केली की माणसं 'बघू' म्हणतात.

पाचव्या दिवशी नगरसभा बसली. झोटिकोस उभा राहिला आणि म्हणाला, "इफेससला असताना..." निम्मी सभा तिथंच पेंगली. जे जागे राहिले त्यांना कळलं ते असं: जुन्या मोठ्या शहरांमधून एक मेलेला माणूस हद्दीच्या आत चालतो. नुसता चालत नाही, भर चौकात पुरलेला असतो. तो म्हणजे शहराचा संस्थापक. संस्थापक मेलेला धरत नाहीत, तो वीर असतो. त्याला दरसाल मेंढा कापतात, वर दारू ओततात. तेव्हा ग्लिकोन हा तार्बेस्साचा संस्थापक आहे असा ठराव केला, की ग्लिकोन हलत नाही, हद्द हलत नाही आणि कुणाचं घरही उजाड होत नाही.

सभा खडबडून जागी झाली. मेनोगेनेसचा चेहरा मात्र पडला. संस्थापक कोण, हे त्याच्या मनात केव्हाचं पक्कं होतं. पुतळ्यासाठी चौकातली जागाही त्यानं पावलांनी मोजून ठेवली होती. पण हा मान घ्यायला पाहणीच्या आधी मरणं भाग आहे असं झोटिकोसनं समजावल्यावर त्यानं मोठ्या मनानं माघार घेतली.

ठराव मंजूर झाला. त्याची प्रत त्याच दुपारी घोडेस्वाराबरोबर सुभेदाराच्या माणसाकडं रवाना झाली, कारण शहरं फार वेगानं काम करतात असं दाखवायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-बारा सभासद ओकाच्या पानांचा हार घेऊन अम्मियाच्या रानात उतरले. झोटिकोसनं वाचायला घेतलं.

"ज्याअर्थी ग्लिकोन, ग्लिकोनचा मुलगा, यांनी या पवित्र झऱ्याच्या काठी वस्तीचा पाया घातला..."

"गाढवाचा गोठा बांधला व्हता," अम्मिया तातियाच्या कानात म्हणाली. "त्योबी पडला."

"...आणि ज्याअर्थी ते आयुष्यभर अखंड उद्योगी, मितभाषी आणि सर्वांशी गोड वागणारे होते..."

"थांब जरा," अम्मिया म्हणाली. "हे कुनाचं चाललंय?"

"ग्लिकोन यांचंच."

"बरं बरं. वाच पुढं."

तातियाचे डोळे वाहत होते. "वैनी, आमचा ग्लिको वीर झाला वं! आता त्या लोहाराच्या सुनेला सांगते, रांगेत मला आदी पानी भरू दे म्हनावं, वीराची भन हाय मी!"

खरं सांगायचं तर अम्मियालाही बरं वाटलं. थट्टा गेली खड्ड्यात, ग्लिकोन जागचा हलणार नव्हता. तिनं झोटिकोसला भाकरीबरोबर चीज दिलं. त्यानं ते खाल्लं, बोटं चाटली आणि मग म्हणाला, "फक्त एक बारीकशी गोष्ट राहिली."

"काय?"

"ही उजवी झडप. तुमचं नाव काढावं लागेल. वीर एकटा असतो. आणि तुम्हाला पुढंमागं इथं ठेवता येणार नाही. ठराव फक्त त्यांच्यापुरता आहे. बाकीच्यांना कायदा लागू. तुमची सोय पश्चिमेच्या रस्त्याला करू. चांगली जागा आहे, लोहाराच्या आईशेजारी."

वाऱ्यानं हाराची दोन पानं उडाली.

"मी त्येची बायकू हाय."

"हो, पण तुम्ही शहर स्थापन केलेलं नाही."

"आन् त्येनं केलंय?"

"ठराव झालेला आहे," झोटिकोस म्हणाला, आणि त्याला खरोखरच वाटत होतं की हे उत्तर आहे.

तिनं उजव्या झडपेवरून हात फिरवला. फणीचे दात पाथरवटानं एकेक करून कोरले होते. दगड थंडगार होता. मग ती वळली आणि म्हणाली, "हलवते मी त्येला."

"वैनी!" तातिया ओरडली. "आवो मेंढा कापनार हायत त्येच्या नावानं! वीर केलाय त्येला!"

"वन्सं, तुमच्या भावानं सवताच्या हातानं कवा कांदा फोडून खाल्ला न्हाय. वीर म्हनून एकटा कसा ऱ्हाईल त्यो?" तिचा आवाज चिरकला, म्हणून तिनं तो चढवला. "झऱ्याच्या पल्याड, तुमच्या दगडाच्या बाहेर, माझंच रान हाय. तिथं न्हेते. खड्डा मी खांदीन, दोघांच्या मापाचा. मला सूट हाय. पर ह्यो दगूड मला येकलीला उचलायचा न्हाय. त्यो तुमी उचलायचा, समद्या सभेनं."

सभासद दोन पावलं मागं सरले. "आणि शाप?"

"शाप माझा हाय. मी परवानगी दिली की तुमाला लागायचा न्हाय. पर येकेकानं म्होरं येऊन मागायची. ठराव नगं. तोंडानं."

नाही म्हणणं परवडण्याजोगं नव्हतं. तीन दिवस अम्मिया पलीकडच्या उतारावर खणत होती. पहिल्या दिवशी तातिया रागानं घरात बसली. दुसऱ्या दिवशी तिनं भाकरी आणून दिली आणि न बोलता खोरं हातात घेतलं. नवव्या दिवशी सकाळी अम्मियानं ग्लिकोनची माती एकटीनं उकरली. हाडं नव्या नमद्यात गोळा केली. ती फार हलकी होती. एवढा मोठ्या तोंडाचा माणूस एवढासा होतो, याचा तिला राग आला. "चल," ती त्याला म्हणाली. "झऱ्यापल्याड जायाचंय. लांब न्हाय." बाकीचं ती जे बोलली ते लांब उभ्या असलेल्या सभेला ऐकू गेलं नाही.

मग रांग लागली. तार्बेस्साची सभा एवढ्या शिस्तीत कधीच उभी राहिली नव्हती.

"अम्मियाबाई, हात लावू?"

"लाव."

"अम्मियामावशी, हात लावू ना? घरात लेकरं हायत."

"लाव, लाव. लेकरं सुखात ऱ्हातील."

ज्यांची नावं यादीत दोनदा होती, त्या तिघांनी दोनदा विचारलं. शाप कुठल्या नावाला धरेल याचा भरवसा नव्हता. मेनोगेनेस शेवटी आला. शाल घरी ठेवून आला होता. ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला.

"ऐकू न्हाय आलं."

"नगरसभेच्या वतीनं..."

"सभेनं मगाशीच इचारलं. तू कुनाच्या वतीनं इचारतूस?"

मेनोगेनेसनं मागं वळून पाहिलं. चाळीस माणसं दगडाला हात लावून त्याच्याकडं बघत उभी होती. "मावशे," तो म्हणाला, आणि बाराखडी शिकायच्या आधीची त्याची भाषा एकदम तोंडात आली, "म्या हात लावू का?"

"लाव. खालनं धर, तिकडनं जड हाय."

दगड वाहत्या पाण्यातून पलीकडं गेला. दोन सभासद घसरले, एकाचा जोडा वाहून गेला. दुपारपर्यंत तो हद्दीच्या बाहेर उभा राहिला, दोन्ही झडपांसकट. अम्मियानं दोघांच्या मापाच्या खड्ड्यात डाव्या अंगाला नमदा ठेवला, उजवं अंग रिकामं ठेवलं आणि माती लोटली.

दुसऱ्या दिवशी सुभेदाराचा माणूस आला. तो थंडीनं गारठलेला होता. नाट्यगृह त्यानं घोड्यावरूनच पाहिलं, शेळ्यांविषयी काही विचारलं नाही. झऱ्याचं पाणी प्याला. पण वाटेत त्यानं ठराव वाचलेला होता, त्यामुळं त्यानं विचारलं, "तुमचे संस्थापक कुठं आहेत?"

मेनोगेनेसनं झोटिकोसकडं पाहिलं. झोटिकोसनं शांतपणे पलीकडचा उतार दाखवला. "तिथं. त्यांना आत राहण्याचा मान होता, पण ते कायद्याला फार मानणारे. त्यांनी स्वतःहून बाहेर राहणं पसंत केलं."

"वा," सुभेदाराचा माणूस म्हणाला, आणि ते लिहून घेतलं. अशा रीतीनं तार्बेस्सा शहर झालं. चौकात आरोळी झाली, स्नानगृहाच्या बंबाखाली सण नसताना लाकडं सारली गेली. तातिया डोक्यावर घागर घेऊन झऱ्यावर गेली तेव्हा तिथं एक नवा माणूस दांडकं घेऊन उभा होता. आधी नगरसभेचं भांडं भरेल, मग बाकीचे, असं तो म्हणाला. तातियानं त्याला तो कुणाच्या बहिणीशी बोलतोय ते सविस्तर सांगितलं.

तिची आरडाओरड वरपर्यंत ऐकू येत होती. अम्मिया दारात बसली होती. पुढ्यात मेंढीची नवी लोकर होती, गोखरूंनी भरलेली. तिनं एक झुबका मांडीवर घेतला आणि काटे वेचायला सुरुवात केली.